डाव्या हातातलं घड्याळ

सानवी साळवी स्टॉपच्या कोपऱ्यावर पंचवीस मिनिटं एकटी उभी होती. वय साडेपाच. पाठीवर दप्तर, गळ्यात रिकामी बाटली आणि समोरून खडीचे डंपर. मला हे कळलं संध्याकाळी, तेही तिच्याकडूनच, वरणभात खाताना. आज मी लाल गाड्या मोजल्या आई, एकोणीस झाल्या, म्हणाली. कधी मोजल्यास, असं विचारलं तर म्हणाली, आबा येईपर्यंत.

मी मारुती मंदिराजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी साडेआठ ते तीन. ऋत्विक, माझा नवरा, लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये आहे, तो आठवड्याच्या सुट्टीला तेवढा घरी येतो. सानवीची शाळा बाराला सुटते. भागोजीमामांची रिक्षा तिला बारा वीसला कोपऱ्यावर उतरवते आणि बाकीच्या मुलांना घेऊन पुढे जाते. तिथून आमची बिल्डिंग पाच मिनिटांवर, पण मधे रस्ता ओलांडायचा. तो रस्ता माझे सासरे महिपतराव, म्हणजे आमचे आबा, तिचा हात धरून ओलांडतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. म्हणजे माझी नोकरी उभी आहे ती आबांच्या बारा वीसवर. दुसरं कुणी नाही.

भागोजीमामांना फोन केला तर ते म्हणाले, मी थांबलो होतो वहिनी दोन मिनिटं, मग आबा लांबून येताना दिसले असं वाटलं म्हणून निघालो. दुसराच कुणीतरी म्हातारा होता तो.

आबांना विचारलं. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी मनगट वळवून घड्याळाकडे पाहिलं, जसं काही दुपारचे बारा वीस अजून तिथे लिहिलेले असणार.

"मी बारा विसालाच पोचलेलो गो."

मी माझा मोबाईल त्यांच्या मनगटाला लावून धरला. मोबाईलवर आठ दहा. घड्याळात सात त्रेचाळीस.

त्यांनी दोन्ही आकड्यांकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नाही. चूक झाली, पोर उभी राहिली, वाईट वाटलं, यातलं काहीही नाही. मला त्या चेहऱ्याचा राग आला, तो पुढचे दोन महिने जाता जाईना.

त्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. ते जपानी आहे. सिको फाइव्ह, स्टीलचा पट्टा, निळसर तबकडी. आबा संगमेश्वरकडच्या गावचे, घरची भातशेती, पण विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि तिथून मालवाहू जहाजावर, इंजिनरूममध्ये ऑईलमन म्हणून. सत्त्याहत्तर साली जहाज पंपाच्या कामासाठी कोबे बंदरात अडकलं, तेव्हा त्यांनी हे घड्याळ घेतलं. तेव्हापासून ते त्यांच्या डाव्या मनगटावर. झोपतानासुद्धा, कारण पहाटे चारची वॉच, म्हणजे जहाजावरची पाळी, असायची आणि ती सवय अजून गेली नाही. या घड्याळाला चावी द्यायची सोयच नाही. हात हलला की ते आपलं आपण भरतं. आबा सानवीला सांगतात, आगवाल्या खोलीत, बॉयलरपाशी काम करताना पट्टा कुठे अडकू नये म्हणून मी ते खिळ्याला टांगायचो, तरी चालायचं, समुद्रच हलवायचा त्याला.

वाराच्या खिडकीत एकदा इंग्रजी आणि एकदा जपानी अक्षर येतं. शनिवार निळा, रविवार लाल. सानवीला जपानी अक्षरांतली दोन येतात. आबांनीच शिकवलीत. रविवारचं अक्षर म्हणजे सूर्य आणि सोमवारचं म्हणजे चंद्र. त्यांचा पण वार आपल्यासारखाच गो, कुणी कुणाला सांगितला ठाऊक नाय, असं ते म्हणतात. ती दोघं रोज सकाळी ती खिडकी बघतात. मला ते आवडायचं. म्हणूनच मी त्यांना सरळ दुसरं घड्याळ आणून दिलं नाही. दिलं असतं तर हे काहीच कळलं नसतं, पण तेव्हा मला फक्त एवढंच वाटत होतं की या माणसाचा मान राखायच्या नादात माझी मुलगी डंपरखाली जाईल.

मोबाईल वापरा म्हटलं तर त्यांनी मान हलवली. त्यांचा साधा फोन आहे, तो चार्जिंगलाच असतो.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून सुटून मी घड्याळ घेऊन रामआळीत गेले. तिथे चिंतामणीकाकांचं दुकान आहे, एका दाराचं, आत एकच माणूस मावेल असं. काका सत्तरीचे. आबांना ते ओळखतात, म्हणजे घड्याळाला ओळखतात. त्यांनी मागचं झाकण फिरवून काढलं आणि डोळ्याला भिंग लावलं. मी म्हटलं, अर्धा तास मागे पडतंय, मुलीला आणायची वेळ चुकली. ते म्हणाले, बसा. बसायला काहीच नव्हतं.

"हा नंबर बघा," झाकण माझ्यापुढे धरत ते म्हणाले. "पहिला आकडा सात, दुसरा चार. साल आणि महिना. सात म्हणजे सदुसष्टही असेल, पण हे मशीन तेव्हा निघालेलंच नव्हतं. म्हणजे सत्त्याहत्तरचा एप्रिल. सासरे तुम्हाला काय सांगतात?"

मी म्हटलं, सत्त्याहत्तर, पावसाळ्याआधी, कोबे.

"मग खोटं बोलत नाहीत. बरेच जण बोलतात."

काकांना त्या घड्याळाबद्दल बोलायला फार आवडत होतं आणि मला घरी जायची घाई होती. शेजारची ऋतिका नुकतीच कामावरून आलेली, सानवी तिच्याकडे ठेवलेली. पण ते भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं तेव्हा मी बघितलं. अर्ध्या चंद्रासारखा एक जड पत्रा, मधल्या खिळ्यावर मोकळा फिरणारा. हात हलला की तो घरंगळतो. त्याच्याखाली एक चिमट्यासारखी पट्टी, दोन बारीक बोटांची. पत्रा उजवीकडे फिरला की एक बोट दातेरी चाकाला ढकलतं, डावीकडे फिरला की दुसरं ओढतं. कसाही हलवा, चाक एकाच दिशेला फिरतं आणि आतली स्प्रिंग भरत जाते. युरोपातल्या घड्याळात एवढ्या कामाला पाचसात चाकं असायची, यांनी ते एका पट्टीत केलं, काका म्हणाले. इकडे आपले एचएमटीवाले घड्याळ बनवायला शिकले तेही जपान्यांकडूनच, पण ती रोज सकाळी चावी मागायची. आणि ही, त्यांनी चारच्या आकड्याशेजारी आत दडलेली चावी दाखवली, ही मुद्दाम लपवलीय. म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं, की इकडे हात लावू नकोस, तू नुसता जग.

"पण मग मागे का पडतंय?" मी विचारलं.

तेल सुकलं असेल, म्हणाले. आठ दिवस ठेवा.

ते आठ दिवस मी रोज बाराला लॅबमधून घरी फोन करायचे. एका हाताने पेशंटच्या दंडाला पट्टा बांधलेला, मूठ आवळा म्हणत, दुसऱ्या खांद्यात मोबाईल. आबा, निघा. आबा हो म्हणायचे. एकदा उचललाच नाही, तर मी सुई अर्धवट सोडून बाहेर पळाले, आणि आमच्या मॅडमनी मला आत बोलावून विचारलं की घरी कुणी आजारी आहे का. नाही, म्हटलं. सगळे ठणठणीत आहेत.

घड्याळ परत आलं. काकांनी ते उघडून, धुवून, तेल घालून, जुन्या टेबलफॅनच्या मोटरवर बसवलेल्या लाकडी चकतीवर दोन दिवस फिरवून भरून दिलं होतं. ठोके मोजायच्या यंत्रावर लावून मला दाखवलं. सेकंदाला सहा ठोके, एका सरळ रेषेत ठिपके. ही रेघ बघा, पंचविशीतल्या माणसाच्या नाडीसारखी आहे, म्हणाले.

दोन दिवस घड्याळ तंतोतंत चाललं. मी फोन करणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी बारा मिनिटं मागे. चौथ्या दिवशी सत्तावीस, आणि भागोजीमामांचा लॅबमध्ये फोन, की मी रिक्षा बाजूला लावून उभा आहे, बाकीची पोरं रडतायत, त्यांच्या आयांचे मला फोन येतायत, आज मी थांबलो वहिनी, पण रोज नाही जमायचं. ते चिडले नव्हते. चिडले असते तर मलाही चिडता आलं असतं.

त्या संध्याकाळी मी आबांना म्हटलं की तुम्ही ती चावी ओढता का. तारीख बदलायला वगैरे. नाही म्हणाले. दुपारी झोपता का? पडतो जरा. मग सकाळी रेडिओवरच्या बातम्यांशी घड्याळ लावून का घेत नाही? त्यावर ते म्हणाले, लावून घ्यायला ते चुकीचं थोडंच हाय. हळू, एका सुरात, चेहरा तसाच. मला वाटलं, हा माणूस मला मोजतच नाही. मी शिकलेली, मी नोकरीवाली, मी त्यांच्या घड्याळावर संशय घेणारी. त्यांनी बटण लावायला घेतलं होतं, ते लागेना, तरी माझ्याकडे बघेनात. आणि वाण्याच्या यादीत त्यांनी लिहिलेली अक्षरं हल्ली अशी मुंगीसारखी झालेली की मला ती वाचायला उजेडात न्यावी लागायची. तेही मला वाटलं, मुद्दाम.

ऋत्विकला फोन केला तर त्याची सेकंड शिफ्ट सुरू होत होती. त्यांना मोबाईल बघायला सांग ना, म्हणाला. मी म्हटलं, तू सांग, तुझे वडील आहेत. म्हणाला, रविवारी आलो की बोलतो. रविवारी आला, बापलेक गॅलरीत बसले, आंबे कधी उतरतील यावर बोलले. संध्याकाळी निघताना मला म्हणाला, एवढं काही नाही गं, म्हातारपण आहे, त्यात तू फार मनाला लावून घेतेस.

मी दुसऱ्यांदा रामआळीत गेले. काकांनी घड्याळ यंत्रावर लावलं. सरळ रेघ.

"याला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, झालंय, मला रोज दिसतंय.

"मग असं करा, चार दिवस तुम्हीच घाला. तुम्ही म्हणता ते खरं की यंत्र म्हणतं ते, बघूया तरी."

तो पट्टा माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत जायचा. त्यात रुमाल गुंडाळून मी ते घड्याळ घातलं. चार नाही, आठ दिवस. लॅबमध्ये पेशंट विचारायचे, मिस्टरांचं का. नळ्या हलवताना, काचपट्ट्या पुसताना, स्कूटर चालवताना, सानवीच्या वेण्या घालताना ते माझ्या हातावर घरंगळत होतं. शांत खोलीत कानाशी धरलं की तो पत्रा फिरल्याचा आवाज यायचा, डब्यात तांदूळ हलल्यासारखा. आठ दिवसांत एक मिनिटही मागे नाही. आबा रोज सकाळी माझ्या हाताकडे बघायचे आणि काही विचारायचे नाहीत.

मी घड्याळ त्यांना परत दिलं. पाचव्या दिवशी एकतीस मिनिटं मागे. आणि त्या दिवशी सानवी थांबलीच नाही. भागोजीमामांनी तिला टपरीवाल्याच्या भरवशावर ठेवलं होतं, ती तिथून निघाली आणि एकटीने रस्ता ओलांडून घरी आली. दोन्हीकडे बघून आले, आई, तू सांगतेस तसं, म्हणाली, आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

मी तिला शाबासकी दिली. मग मोरीत जाऊन नळ सोडला.

तासाभराने मी आबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं की मी नोकरी सोडतेय. ते आणि त्यांचं घड्याळ दोघांनीही आता निवांत बसावं. हे मी बोलायला नको होतं. आबा बघत राहिले. पापणीसुद्धा लवली नाही. म्हणाले, तू म्हणशील तसं. मला वाटलं, भांडले असते तर बरं झालं असतं.

मॅडमना पाठवायचं पत्र मी मोबाईलवर लिहून ठेवलं. पाठवायच्या आधी शेवटचं म्हणून रामआळीत गेले. खरं तर भांडायलाच. दोनदा बघितलंत, दोनदा ठीक आहे म्हणालात, आणि माझी मुलगी एकटी रस्ता ओलांडून आली. काकांनी हातातलं काम ठेवलं. घड्याळ उघडलंसुद्धा नाही.

"वहिनी, पेशंट घरी बसवून त्याची चप्पल डॉक्टरकडे घेऊन यावी, तसं चाललंय तुमचं," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा आणलीत चप्पल. तुमच्या हातात चालतं, माझ्या मोटरवर चालतं. महिपतरावांच्या हातात थांबतं. रात्री स्प्रिंग संपते, मग थांबतं, मग कूस बदलली की परत सुरू होतं. तेवढा वेळ गेला. घड्याळ काय करणार? त्याला हात हलता लागतो. दिवसभर बसून असतात का?"

मी म्हटलं, बसून? रोज सकाळी मारुती मंदिरापर्यंत चालत जातात आणि परत येतात.

"चालतात? कशाने?"

"कशाने म्हणजे? पायांनी."

"घड्याळ पायात घालत नाहीत हो, वहिनी." त्यांनी परत भिंग डोळ्याला लावलं. "चार किलोमीटर चालणाऱ्या माणसाचं हे घड्याळ दोन दिवस उतरता कामा नये. जाऊन हात बघा त्यांचा."

मला तेव्हा फक्त त्या टोमण्याचा राग आला. रागातच मी दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बारा वाजता साळवी स्टॉपच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. आबांना मी फक्त फोन करून निघायला सांगितलं होतं. मी इथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

ते गल्लीतून बाहेर आले. पांढरा शर्ट, पायात चपला. मी त्यांना सात वर्षं रोज बघते आहे, पण समोरून, स्वयंपाकघराच्या दारातून, ताट वाढताना. रस्त्यावर लांबून, अनोळखी माणूस बघावा तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांचा उजवा हात पुढे मागे जात होता. डावा जात नव्हता. तो कोपरात थोडा वाकून पोटाजवळ धरलेला होता, जसा काही त्यात छत्रीचा दांडा आहे. पावलं आखूड. डावी चप्पल जमिनीला घासत होती. मला वाटायचं, चपला झिजल्यात. डावा हात रस्ताभर एकदाही हलला नाही, आणि त्या न हलणाऱ्या हातावर ऊन पडून घड्याळ चकाकत होतं.

मी रोज तीसचाळीस लोकांचे हात हातात घेते. शीर कुठे आहे हे मला न बघता बोटाने कळतं. सानवीला अर्धा डिग्री ताप असला तर दारातून समजतो.

मी तिथेच उभी राहून मागचं सगळं परत आठवत होते. बटण न लागणं. मुंगीएवढं अक्षर. एका सुरातलं बोलणं. आणि तो चेहरा, ज्याच्यावर मी दोन महिने चिडले, तो रागावलेला नव्हताच. तो हलत नव्हता. घड्याळ थांबत होतं तसाच.

सानवी रिक्षातून उतरली. आबांनी उजव्या हाताने तिचा हात धरला, दोन्हीकडे बघितलं आणि डंपर जाईपर्यंत तिला पाठीमागे घेऊन उभे राहिले. सगळं बरोबर केलं. फक्त वेळ चुकत होती, आणि ती त्यांची चूक नव्हती.

आमच्या लॅबकडे पेशंट पाठवणारे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी आबांना घेऊन गेले. त्यांनी मूठ उघडमीट करायला लावली, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, व्हरांड्यात चालायला लावलं. मग म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे. मी म्हटलं, पण यांचा हात थरथरत नाही. ते म्हणाले, सगळ्यांचा थरथरतोच असं नाही, काहींचा आधी गप्प होतो. कोल्हापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. औषधाने बराच फरक पडेल, पण हे जाणारं नाही, सांभाळत राहायचं. तुम्हाला कसं लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, घड्याळवाल्याला कळलं.

ऋत्विक रजा घेऊन आला. आम्ही कोल्हापूरला जाऊन आलो, गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर त्याने एक युक्ती काढली आणि ती त्याला फारच आवडली. घड्याळ उजव्या हातात घालायचं. उजवा हलतोय ना, मग झालं. आणि खरंच झालं. आठवडाभर घड्याळ मिनिटानेसुद्धा चुकलं नाही. ऋत्विकने लोट्याहून फोन करून विचारलं आणि म्हणाला, बघ, सुटला ना प्रश्न, उगाच नोकरी सोडायला निघाली होतीस. सगळे मोकळे झाले. ऋतिका म्हणाली, आबांच्या तोंडावर तरतरी आलीय. भागोजीमामांनी रिक्षा आमच्या गल्लीत वळवायचं कबूल केलं, म्हणजे रस्ता ओलांडायचाच नाही, आबांनी फाटकाशी उभं राहायचं. आबांच्या फोनवर मी बारा दहाचा गजर लावला. त्याचा कर्कश आवाज त्यांना अजिबात आवडत नाही. पण ते तो बंद करून खाली जातात. मॅडमचं पत्र पाठवलेलं नाही. पुसलेलंही नाही.

आणि मला मात्र रात्रंदिवस टोचत होतं. घड्याळ बरोबर चालतंय म्हणून सगळे खूश आणि डावा हात आपला पोटाशी. गोळ्या लागू पडतायत की नाही, हे सांगणार कोण? कोल्हापूरचे डॉक्टर तीन महिन्यांनी बघणार. ऋत्विक सुट्टीला. आबा स्वतः तर विचारलं की बरा हाय म्हणणार. त्या घरात एकच वस्तू होती जी आबांबद्दल मला खरं सांगत होती, आणि मी तिला दोन महिने शिव्या दिल्या, आणि आता आम्ही सगळ्यांनी मिळून तिला दुसऱ्या हातात घालून गप्प केलं होतं.

रविवारी सकाळी मी गॅलरीत गेले. आबा आणि सानवी वाराची खिडकी बघत होते. सूर्य आलेला, लाल.

"आबा, घड्याळ परत डाव्या हातात घाला," मी म्हटलं.

"मागे पडेल ना."

"पडू दे. वेळेला गजर आहे. मला ते किती मागे पडतं ते बघायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा तसाच. पण आता मी चेहऱ्यावरून काही ठरवत नाही, म्हणून थांबले.

"म्हणजे माझ्यावर नजर ठेवायची हाय तुला."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी सानवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऋत्विकला नाय बोललो मी. पोरगा खूश होता. पण आम्ही इंजिनरूममध्ये दर तासाला गेज वाचून लिहायचो. गेज काढून दुसऱ्या पायपाला लावला म्हणून पहिल्याचा प्रेशर सुधारत नाय गो. एवढा कळतो मला."

त्यांनी उजव्या हाताचा पट्टा सोडायला घेतला. सोडायचा डाव्या हाताने, आणि तो जमेना. बोटं कडीवर गेली आणि तिथेच राहिली. मी पुढे झाले नाही. फार जड गेलं, पण झाले नाही. सानवीने कडी उघडली, घड्याळ काढलं, कानाशी धरून तांदूळ वाजवले आणि त्यांच्या डाव्या हातात घालून पट्टा दाबला. टक्.

"उद्या सकाळी बातम्यांना बघू," आबा म्हणाले. "तू नको लिहू. मी लिहीन. माझी वॉच हाय."

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांच्या शेजारी, ते रोज सकाळी आकडा लिहितात आणि मग घड्याळ लावून घेतात. पहिले दोन दिवस शून्य, उजव्या हाताने भरलेलं होतं म्हणून. मग चौतीस. मग अडतीस. मग चाळीस, आणि त्या दिवशी मी लॅबमध्ये दोन नळ्यांवर चुकीची नावं चिकटवली. मग एकतीस, एकोणतीस, तेहतीस. ऋत्विक म्हणतो, कशाला रोज उठून बघतेस, त्रास करून घेतेस. तो त्याच्या परीने बरोबर असेल.

आज बावीस लिहिलंय. अक्षर अजून मुंगीएवढंच आहे. मी कॅलेंडर खिडकीशी नेऊन दोनदा वाचलं.